आधी पाडा, मग नकाब काढा

नकाबाच्या आत गुदमरत नव्हतं का, असं मला अजूनही कुणीकुणी विचारतं. गुदमरत होतं. जाड काळ्या मांजरपाटाचा तो नकाब, डोळ्यांना दोन भोकं, नाकाखाली एक चीर आणि मागे मानेवर नाडीची गाठ. परभणीच्या उन्हात तो चढवून आपल्याएवढ्याच वजनाच्या माणसाशी अर्धा तास झोंबून बघा, म्हणजे मला विचारायची गरज राहणार नाही. पण खरं सांगायचं तर गुदमरण्याचं मला कधी काही वाटलं नाही. माझा राग वेगळाच होता. सहा वर्षं मी कुस्त्या मारल्या, एकही हरलो नाही, आणि त्या सगळ्याच्या सगळ्या माझ्या बापाच्या नावावर गेल्या.

आमचं गाव जिंतूरच्या बाजूला. घरी मेंढरं. दिवाळी झाली की आम्ही कळप घेऊन पूर्णेच्या, गोदावरीच्या काठाला उतरायचो, ते पाऊस तोंडावर आला की परत फिरायचो. शेतकरी खतासाठी आपल्या वावरात मेंढरं बसवून घ्यायचे आणि आम्हाला ज्वारी द्यायचे. आज या शिवारात, चार दिवसांनी त्या शिवारात. त्यामुळे मेंढपाळ सध्या कुठं आहे असं गावात कुणी विचारत नाही. तो कुठंतरी असतोच. माझ्या बाचं सगळं गुपित या एवढ्याशा गोष्टीवर टिकून होतं.

बा पैलवान होता. निजामाच्या राज्यात हैदराबादचा एक ठेकेदार तालुक्यातालुक्याला तिकिटाच्या कुस्त्या लावत फिरायचा. जिनिंगच्या मोकळ्या आवारात कनाती बांधायच्या, मधे माती टाकायची, भोंग्यावर ओरडायला एक माणूस ठेवायचा. त्यानं कुठल्याशा उरसात बाला खेळताना पाहिलं आणि उचललं. पण एका मेंढक्याची कुस्ती बघायला तिकीट कोण काढणार? म्हणून त्यानं बाच्या तोंडावर नकाब चढवला आणि त्याचं नाव ठेवलं नकाबपोश. भोंगेवाला ओरडायचा, “हा कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नाही! ज्याला तोंड बघायचं असेल त्यानं आधी पाडा, मग नकाब काढा!”

मग काय, लोकांच्या जिभेला हाड कुठं असतं. कुणी म्हणे तो नवाबाच्या खास पहाऱ्यातला पठाण आहे. कुणी म्हणे देशमुखाचा रुसून गेलेला लेक आहे. एकानं तर शपथेवर सांगितलं होतं की त्याला नाकच नाही, म्हणून तोंड झाकतो. आणि हा नाक नसलेला पठाण सकाळी ज्वारीची भाकर अन् ठेचा खाऊन, मेंढरांना पाणी दाखवून, आगगाडीनं परभणीला आलेला असायचा. कुस्तीनंतर तोच हॉटेलात बशीतून चहा पीत या गप्पा ऐकत बसायचा. या एका गोष्टीत त्याला फार मजा वाटे.

ठेकेदाराला नकाब म्हणजे तिकिटं खपवायची युक्ती होती. बाला तसं नव्हतं. त्यानं जबान दिली होती. कुणी आपली पाठ मातीला लावेपर्यंत बाहेरच्या कुणालाही नकाबपोशाचं तोंड दिसणार नाही, असा त्याचा शब्द होता, आणि बा एकदा शब्द देऊन बसला की ब्रह्मदेव आला तरी हलायचा नाही. दहा-अकरा वर्षं झाली. पाठ लावणारा कुणी निघाला नाही.

त्याचा हातखंडा डाव मेंढरं कातरण्यातून आलेला होता. लोकर कातरताना मेंढीला मागच्या पायाला धरतात, आपला गुडघा तिच्या बरगडीला लावतात आणि एका झटक्यात आडवी करतात. मेंढीला कळायच्या आत ती आकाश बघत असते. बा हेच माणसाला करायचा. समोरचा पैलवान वस्तादानं शिकवलेले सतरा डाव मनात घोळवत उभा असायचा आणि बा त्याला कातरायला घेतल्यासारखा पालथा-उताणा करायचा. मी बोटाएवढा होतो तेव्हापासून हे बघून शिकलो. फरक एवढाच की मी डावखुरा. बा उजव्या हातानं पाय उचलायचा, मी डाव्या.

पुढं पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं, काही महिने आमच्या मुलखात कुणाचं काय चाललंय तेच कळत नव्हतं, आणि कुस्त्याबिस्त्या सगळ्या बंद पडल्या. त्याच हिवाळ्यात आमच्याच एका एडक्यानं मागून येऊन बाच्या गुडघ्याला धडक दिली. हाड वैदूनं बसवलं, पण पाय कायमचा अधू झाला. अख्ख्या निजाम स्टेटात कुणाला जमलं नाही ते घरच्या एडक्यानं केलं, असं मी एकदा हसत म्हणालो. बानं हातातली काठी फेकून मारली. नेम चुकला, पण फार नाही.

ॲक्शननंतर दोन वर्षांनी ठेकेदार आम्हाला शोधत चुडाव्याला आला. स्टेशनापासून कोसभर अंतरावर एका वावरात आमची मेंढरं बसलेली होती. पांढरी तुमान, अंगात शेरवानी, पायात चकचकीत बूट आणि चौफेर लेंड्या. पाऊल कुठं टाकावं ते त्याला उमजेना. बाचा पाय बघून त्याचा चेहरा पडला. मग त्याची नजर माझ्यावर गेली. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि एक मेंढी कातरायला आडवी करत होतो.

“ये कौन है?” त्यानं विचारलं.

“पोरगा हाय माझा,” बा म्हणाला.

“कद तो बराबर तेरेच जैसा है. नकाब में क्या फर्क पडता?”

माय चुलीजवळ बसली होती. ती उठून म्हणाली, “एकाचं तोंड झाकलं ते पुरं न्हाई का झालं? आता लेकराचं बी झाकायलाव?” पण तिचं कुणी ऐकलं नाही. माझं मत कुणी विचारलंच नाही, आणि विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो हेही खरं आहे. बानं वळकटीतून नकाब काढला, माझ्या डोक्यावर चढवला आणि मागची गाठ स्वतः बांधली. म्हणाला, “ह्यो नकाबपोश न्हाई पडत. पडायचं आसंल तर आत्ताच सांग.”

पहिली कुस्ती पाथरीला झाली. मी आत शिरलो तशी कनातीच्या आत एकच आरोळी उठली. नकाबपोश आला, नकाबपोश जिता हाय! माझ्या अंगावर काटा आला. समोरच्याला मी असा उचलला की तो सलाम घालायचंही विसरला. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

हे कौतुक वर्षभर पुरलं. मग हळूहळू लोक काय बोलतात ते नीट ऐकू यायला लागलं. “म्हातारा अजून पडत न्हाई बरं का!” “पन्नाशी आली आसंल, पर रग बगा!” मी बावीस वर्षांचा, दिवसाला हजार जोर मारतोय, आणि माझ्या अंगातल्या रगेचं कौतुक चाललंय ते बापाच्या म्हातारपणाचं! हॉटेलात शेजारी बसलेला माणूस मलाच नकाबपोशाच्या कुस्त्या रंगवून सांगायचा आणि वर म्हणायचा, तुमच्यासारख्या आजच्या पोरांना हे जमायचं नाही. एकदा अशाच एकाला मी विचारलं, “बघायचंय का जमतंय का?” बानं टेबलाखालून माझा पाय चेपला म्हणून तो वाचला.

सगळ्यात जास्त जिव्हारी लागायची ती जिंतूरची जत्रा. तिथं उघड्या तोंडाच्या, उघड्या फडातल्या कुस्त्या असत. हलगी कडाडायची, पंच जोड्या लावायचे, जिंकलेल्याला फेटा बांधून मिरवायचे. मला तिथं उतरायची बंदी होती. उतरलो तर डाव ओळखला जाईल, असं बा म्हणायचा. मग मी कडेला उभा. ज्यांना मी कांबळ्यासारखं घडी घालून ठेवलं असतं असे गडी माझ्यासमोरून फेटे मिरवत जायचे, आणि आमच्या भावकीतले लोक मला म्हणायचे, “बापाची उंची घेतलीस लेका, पर हिंमत न्हाई घेतलीस. कवा लंगोट लावनार?” हे ऐकून घ्यायचं म्हणजे काय असतं ते ज्यानं ऐकून घेतलंय त्यालाच ठाऊक.

बाशी माझी भांडणं सुरू झाली. मी म्हणायचो, “मला माज्या तोंडानं खेळू दे.”

“मंग नकाब?”

“त्याला चुलीत घाल.”

“मी जबान दिली हाय. पाठ लागंस्तवर नकाब निगत न्हाई.”

“तुझी पाठ, तुझी जबान. मी कुटं दिली?”

यावर तो उठून मेंढरांत निघून जायचा. लंगडत जायचा, त्यामुळं मला आणखी राग यायचा, कारण लंगडणाऱ्या माणसावर धड ओरडताही येत नाही. माय म्हणायची, माझ्या घरात बापे दोन अन् तोंड एकच.

एक प्रसंग सांगायला हवा. मानवत-पाथरीच्या मधे कुठंतरी आमचा मुक्काम होता आणि कातरणी चालू होती. पाथरीकडचा एक म्हातारा मेंढपाळ आपला कळप शेजारच्या वावरात बसवून आमच्याकडं तंबाखू खायला आला. बराच वेळ तो माझे हात बघत बसला. मग म्हणाला, “तुजा बा उजव्या अंगानं धरतो. तू डाव्यानं धरायलास.”

मी म्हणालो, “डावखुराच हाय मी.”

“हाव. दिसायलंय की,” तो म्हणाला. मग तंबाखू थुंकून उगाच पुढं बोलला, “पाथरीच्या कुस्त्यांला आमी समदे जातो बरं का.”

माझ्या हातातली कातर थांबली. मग मी मान खाली घालून पुन्हा कातरायला लागलो. आमच्यात एक रीत आहे. दुसऱ्याच्या कळपात एखादं जनावर ओळखीचं दिसलं तर त्याच्या कानाच्या खुणेवर बोट ठेवून चारचौघांत बोंबलायचं नाही. धन्याला बाजूला घेऊन सांगायचं, नाहीतर गप बसायचं. म्हाताऱ्यानं सांगितलं आणि गप बसला. मी ही गोष्ट बाला सांगितली नाही. त्याला वाटत होतं की जग आंधळं आहे, आणि तेवढंच सुख त्याच्याकडं उरलं होतं.

मग ते साल आलं. हैदराबाद स्टेट मोडलं आणि आमचा मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आम्हाला त्यात एवढंच कळलं की आता कचेरीतले उर्दू कागद जाणार आणि मराठी येणार. ठेकेदाराची मात्र पंचाईत झाली. त्याचे ओळखीचे साहेब हैदराबादला गेले, परवाने काढायला नवी माणसं आली. त्यानं इकडचा गाशा गुंडाळायचं ठरवलं. जाता जाता परभणीला एक शेवटचा मोठा फड, आणि त्यात अशी गोष्ट जी बघायला पंचक्रोशीतलं एक माणूस घरी बसणार नाही. नकाबपोशाचा नकाब निघणार!

मला एकट्याला बोलावून त्यानं सगळं समजावलं. हैदराबादचा एक नवा जवान येईल. वीस मिनिटं झोंबायचं. ठेकेदारानं डोक्यावरची टोपी काढली की मी हातांवर ओणवं यायचं आणि मग उताणं व्हायचं. तो जवान नकाब काढेल. “उसके बाद तेरा मुँह तेरा,” तो म्हणाला. “जिंतूर में खेल, बंबई में खेल, कोन रोकता?”

मी इथं शहाणपणाचा आव आणणार नाही. मला मोह पडला. सहा वर्षं मी जे मागत होतो तेच हा माणूस हातावर ठेवत होता. माझं तोंड, माझी कुस्ती, माझा फेटा. किंमत एवढीच की लोकांना माझं तोंड पहिल्यांदा दिसेल ते मातीत पडलेल्या माणसाचं. आणि बाची इतक्या वर्षांची न लागलेली पाठ त्याला न विचारता मी लावून द्यायची. मी ठेकेदाराला होही म्हणालो नाही आणि नाहीही. म्हणालो, “बघतो.” तो हसला. बघतो म्हणणारा माणूस निम्मा आलेला असतो हे त्याला ठाऊक होतं. आठ दिवस मी बाच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

कापसाचा हंगाम होता. जिनिंगच्या आवारात गाड्याच गाड्या, लोक गाड्यांवर, भिंतीवर, लिंबाच्या झाडावर. भर दुपार. बा माझ्याबरोबर आला होता आणि मातीपासून चार-पाच हातांवर, काठी आडवी ठेवून बसला होता. त्याच्या मागं घोंगड्यांची एक मोठी रांग होती. इतके मेंढपाळ कुस्तीला का आलेत हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

हैदराबादचा जवान चांगला तयारीचा होता आणि माणूस म्हणूनही वाईट नव्हता. आम्ही ठरल्याप्रमाणं झोंबलो. लोक ओरडत होते. मग ठेकेदारानं टोपी काढली, रुमालानं टक्कल पुसलं, आणि मी हातांवर आलो.

हो, आलो. लपवत नाही.

तो माझ्या पाठीवर बसला. त्याचा एक हात माझ्या मानेमागं गाठीपाशी गेला. मग तो माझ्या कानाशी वाकून अगदी मायेनं म्हणाला, “आहिस्ता लेटो भाई, चोट नको लगो.”

त्या मायेनं माझं डोकं फिरलं. त्यानं शिवी दिली असती तर कदाचित मी पडलो असतो. पण आहिस्ता लेटो? दुखत असलेल्या म्हाताऱ्याला खाटेवर टेकवतात तसं हा मला मातीवर टेकवणार? माझ्या पिंडऱ्यांपासून राग चढला तो थेट टाळूपर्यंत. बाची जबान, माझं तोंड, मुंबई, जिंतूर, यातलं काही मनात नव्हतं. एवढंच होतं की कुणाच्या सांगण्यावरून मी आडवा होणार नाही. डाव्या हातानं मागं जाऊन त्याचा पाय धरला, अंगाखालून निसटलो, गुडघा बरगडीला लावला आणि फिरवला. तो उताणा पडला तेव्हा त्याच्या तोंडावर राग नव्हता, नुसतं नवल होतं.

आवार उसळलं. ठेकेदार बुटासकट मातीत आला. मातीत पायताण घालून यायचं नसतं हे बावीस वर्षं कुस्त्या लावणाऱ्या माणसाला मी सांगायला नको होतं. त्यानं भोंगा हिसकावून घेतला आणि ओरडला, “ये झूठा है! ये नकाबपोश नहीं! ये उसका लडका है! असली नकाबपोश लंगडा होके मेंढरं चरा रहा! छे साल से ये तुमको फसा रहा!”

मला वाटलं, आता दगड येतील. नकाबाच्या भोकांतून मला फक्त समोरच्या घोंगड्या दिसत होत्या. त्यातून तो पाथरीकडचा म्हातारा उठला. सावकाश उठला, कंबर धरून.

“ठेकेदारसाहेब,” तो म्हणाला, “ते कवाचं म्हाईत हाय आमाला. बाप उजव्या अंगानं धरायचा, पोरगा डाव्यानं धरायलाय. पैल्याच साली कळलं. मेंढरावाल्याला मेंढरावाला वळखू येत न्हाई का?”

घोंगड्यांची अख्खी रांग हसली. मग गाड्यांवरचे हसले, भिंतीवरचे हसले. सहा वर्षं ज्यांच्यापासून आम्ही तोंड लपवत होतो ते आमचेच लोक सहा वर्षं आम्हाला बघायला येत होते, आणि रीतीप्रमाणं गप होते. भावकीतले टोमणे मारणारे तेवढे अडाणी निघाले, कारण ते तिकीट काढून कधी आलेच नव्हते.

ठेकेदार चवताळला. “फिर क्या बाकी रहा? उतार नकाब! मेरा है वो!”

“आधी पाडा,” मी म्हणालो, “मग काढा.”

मी एवढ्यानं बोललो की भोंग्याची गरज पडली नाही. “नकाबपोशाला आजवर कुणी पाडलं न्हाई. न बाला, न मला. हाय का कुणी? या! ठेकेदारसाहेब, तुमी येता?” मी शड्डू ठोकला. लोक वेडे झाले. मला वाटलं, झालं, जिंकलो. आता हा नकाब मरेपर्यंत माझ्या तोंडावर राहिला तरी बेहत्तर.

“मी येतो,” कुणीतरी म्हणालं.

बा काठी टाकून उठला होता. त्यानं कुडतं काढून त्या पाथरीच्या म्हाताऱ्याच्या हातात दिलं, धोतर वर खोचलं, माती कपाळाला लावली आणि लंगडत आत आला. लोकांना म्हणाला, “ठेकेदारसाहेब बोलले ते खरं हाय. नकाबपोश मी हाय. माजी पाठ लागली न्हाई, म्हनून ह्याचं तोंड झाकलेलं हाय. म्या जबान दिलीय.” मग माझ्याकडं वळून म्हणाला, “मला पाड.”

मी नाही म्हणालो. बापाला मातीत पाडायचं? सगळ्या परभणीसमोर? त्या अधू पायाच्या माणसाला? मी मान हलवत मागं सरकलो. तो पुढं आला आणि त्यानं माझ्या कानशिलात अशी ठेवून दिली की नकाबाची भोकं डोळ्यांवरून सरकली.

“तुला तुजं तोंड पायजे का नगं? मंग ह्यो एकच रस्ता हाय. अन् मुद्दाम पडलास तर घरात घेनार न्हाई. मी बी पडनार न्हाई. पाड.”

आम्ही हात मिळवले. तो खरंच लढला. पन्नाशी ओलांडलेला, एका पायाचा माणूस, पण पकड तीच. एकदा तर त्यानं माझा पाय उचललाच, गुडघा बरगडीला आणला, आणि मी गेलो असतो, पण त्याचा तो गुडघा लटपटला. मी निसटलो. माझ्या हाताशी त्याचे दोन पाय होते. चांगला पाय उचलला असता तर कुस्ती लांबली असती, लोकांना बरं वाटलं असतं, मलाही. त्यानं ते ओळखलं. दात खाऊन म्हणाला, “चांगला काऊन बघायलास? दुसरा धर.”

मी दुसरा धरला. अधू पाय धरला, डाव्या हातानं, कारण कुठल्याही पैलवानाच्या बाबतीत मी तोच धरला असता आणि त्याच्या बाबतीत वेगळं करणं म्हणजे खोटी कुस्ती झाली असती. तो पाय उचलताना आत काहीतरी कुरकुरल्याचं मला हाताला लागलं. बा ओरडला नाही. मी त्याला फिरवला. दोन्ही खांदे मातीला लागले. मी त्याच्या छातीवर हात ठेवून तसाच बसलो, आणि खालून त्याचा श्वास माझ्या हाताला लागत होता.

“काढ आता,” तो म्हणाला.

गाठ घामानं आवळली होती, सुटेना. शेवटी पडल्या पडल्या त्यानंच हात वर करून ती सोडवली. वारा लागला. लोकांनी माझं तोंड पहिल्यांदा पाहिलं ते असं, नाक लाल आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं. इतकी वर्षं या घडीची वाट बघितली होती आणि आता कुठं तोंड लपवावं ते कळत नव्हतं. पण खाली बघितलं नाही. सगळ्यांना नीट बघू दिलं.

पंचानं माझा हात वर केला. कुणीतरी आपल्या डोक्याचा फेटा सोडून माझ्या डोक्याला गुंडाळला. त्या जवानानं आणि मी बाला दोन्ही बाजूंनी धरून उठवलं. ठेकेदार कधी गेला ते पाहिलं नाही. पुढं मी उघड्या तोंडानं बऱ्याच कुस्त्या केल्या, जिंकलो, हरलोही. त्याचं इथं काही सांगत नाही.

दिवेलागणीच्या आधी आम्ही चुडाव्याला गाडीतून उतरलो; तेव्हाही आमचा मुक्काम तिथंच होता. बा माझ्या खांद्यावर हात टाकून वावरापर्यंत चालला. त्यानं कुडतं घातलंच नव्हतं, हातातच धरलं होतं. माय मेंढरं कोंडत होती. तिनं आधी माझ्या डोक्यावरचा फेटा बघितला, मग माझं तोंड. मग ती बाच्या मागं गेली आणि तिथंच थबकली. तिच्या लग्नापासून असं तिनं कधी पाहिलं नव्हतं. बाची पाठ मानेपासून कमरेपर्यंत मातीनं भरली होती. “काय करून आलाव हे?” असं म्हणत ती पदरानं झटकायला लागली.

बानं तिचा हात धरला. “ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “माज्या पोरानं लावली हाय.”